मंदाचा कोपरा

६ ऑक्टोबर १९४६, उंब्रज

काल दसरा झाला. मंदाच्या पोटात पाच दिवस माशीसुद्धा गेलेली नाही. आज स्वतः बांधावर जाऊन चार नाकतोडे धरले, चांगले लठ्ठ, हिरवे. एक तिच्या नाकासमोर फांदीवर सोडला. तिचा एक डोळा त्याच्यावर, दुसरा माझ्यावर. जीभ काही बाहेर येईना. शेवटी नाकतोडा तिच्याच पाठीवरून चालत गेला.

हौसाबाई दवाखान्यातली आया, पण माझ्या खोलीत तिचा थाट सासूचा. म्हणाली, लोक सोनं वाटत हिंडतायत आणि आमच्या नर्सबाई गवतात किडे धरतायत, सगळ्या उंब्रजनं बघितलं. बघू दे.

८ ऑक्टो.

आज मं.ला हातावर घेऊन नीट तपासलं. पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं. कातडीखाली वाटाण्यासारखे उंचवटे बोटाला लागतात. म्हणजे बाईसाहेब गाभण आहेत! सोळा वर्षं बाळंतपणं करते मी, आणि घरातलीचंच कळलं नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही.

तरी हौ.ला सांगितलंच. ती पदर तोंडाला लावून लांब उभी राहिली. तिच्या मते घोयरा, म्हणजे हा रंग बदलणारा सरडा, थुंकला की माणूस दगावतो, मग तो गाभण असो की नसो. भाद्रपदात नदीकाठच्या बाभळीवर चार बाप्ये हिला दगड घालत होते. मी छत्रीची मूठ पुढं केली, ही आपणहून तीवर चढली. तेव्हापासून मी किती वेळा दगावले ते हौ.लाच ठाऊक.

विश्रामबागेत अक्काच्या यजमानांना पत्र टाकलं. दाजी कॉलेजात प्राण्यांचंच शिकवतात. विचारलं, गाभण घोयरा खाईना, काय करावं.

११ ऑक्टो.

नाकतोडे, झुरळं, पिठातल्या अळ्या. सगळं झालं. आज अंड्याचा बलक बोंडल्यातून पाजायला बघितलं. तान्ह्या पोरांना पाजते तसं. तिनं जबडा वासला तो पिण्यासाठी नव्हे. फुसकारली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत काळीठिक्कर पडली. बलक माझ्या पातळावर.

कापूस भिजवून फांदीच्या पानांवर पिळला तर थेंब मात्र चाटले. बरं वाटलं. पाणी पोटात गेलं म्हणजे आशा आहे.

१३ ऑक्टो.

आता नवीनच. फांदीवर राहीना. फांदी रोवलेल्या कुंडीवरून खाली उतरते आणि पडवीभर हिंडते. एरवी एक पाऊल टाकायला हिला पंचांग लागतं, आणि आज सकाळपासून चार वेळा भिंतीकडेनं फेरी झाली. उचलून फांदीवर ठेवावी, की पुन्हा खाली.

रांजणाजवळच्या कोपऱ्यात सारवण उकरलेलं दिसलं. चांगलं वाटीएवढं. हौ. म्हणाली घूस आहे. लगेच शेणाचा हात फिरवून तिनं जागा गुळगुळीत केली. सारवणाच्या बाबतीत हौ.चा हात कुणी धरणार नाही.

मं.ला पुन्हा उचलून ठेवली. पोटुशीनं असं वणवण करू नये. दर बाईला मी हेच सांगते, पडून राहा.

१५ ऑक्टो.

कोपरा पुन्हा उकरलेला. पण घूस नव्हे. मं.च्या पुढच्या नखांत माती. हौ. संतापली, म्हणाली एवढ्याशा जिनावराला माझ्या सारवणाचा कसला राग. पुन्हा लिंपलं.

मी मं.चा मागचा पाय फांदीला बांधला. नाळ बांधायचा मऊ दोरा आहे, त्यानं. सैलच बांधला. विश्रांती मिळेल. डॉक्टरसाहेबांना दाखवू का, असं मनात आलं. पण ते हसतील.

१७ ऑक्टो.

डोळे खोल गेले. बुबुळाभोवतीचं कातडं चुरगळल्यासारखं दिसतं. दोरा ओढून ओढून पाय लाल केलाय. पाणीपण नको म्हणते.

वैशाखात नदीपलीकडची शेवंता हातातून गेली. पोहोचायला उशीर झाला, त्यात माझी चूक नव्हती, सगळे तेच म्हणाले. पण तेव्हापासून कुणाची नाडी धरली की आधी तिचा हात आठवतो. एका घोयऱ्यासाठी जीव एवढा कासावीस व्हावा, याचं मला हसू यायला पाहिजे. येत नाही. एवढी तरी सुटू दे, बाकी काही मागत नाही.

१९ ऑक्टो.

दिवाळी तोंडावर. हौ.नं सगळी पडवी नव्यानं सारवली. रांजणाचा कोपरा तर दोन हात देऊन. हिरवीगार, आरशासारखी. मं. फांदीवर बांधलेली, खाली बघत बसलेली.

दाजींचं उत्तर नाही.

२० ऑक्टो.

सकाळी आटपाडीकडचा एक मेंढका धावत आला. त्यांची मेंढरं दरसाल दसऱ्यानंतर इकडं चरायला येतात. ओढ्याकाठी तळ पडलाय. त्याची बायको अडलेली, पहिलटकरीण. पिशवी घेऊन निघाले.

जाऊन बघते तर पोरगी मेंढरांतून फिरतेय! कळ आली की काठी धरून उभी राहते, कळ गेली की पुन्हा चालते. मी म्हटलं, आधी आडवी हो. तिची सासू बायाक्का, सत्तरीची, काटक, तिनं माझ्या हाताला धरून बाजूला बसवलं. म्हणाली, "बाई, तिला तिची जागा घावू द्या. मग तुमी हायसाच."

मला राग आला होता. खोटं कशाला लिहू. पण नाडी चांगली होती, पोट चांगलं होतं, म्हणून गप्प बसले. तासाभरानं पोरगी बाभळीच्या सावलीत एका ठिकाणी घोंगडं ओढून बसली. तिथून पुढं अर्धा तास. मुलगा. दोघं सुखरूप. मी फक्त झेलला.

परत येताना ओढ्यात हात धुतले आणि तिथंच बसून रडले. बरं वाटलं म्हणून.

२१ ऑक्टो.

बायाक्का लोण्याचा गोळा घेऊन आली. हौ. तिला मागच्या दारानं पडवीत घेऊन आली आणि लगेच फांदीकडं बोट करून माझ्या तक्रारी सांगायला लागली. बाईंनी हे असलं पाळलंय, ते खाईना, वर सारवण उकरतंय, दोनदा लिंपलं, काल-परवा तर सगळी पडवी केली.

म्हातारी भ्याली नाही. जवळ गेली, पोट बघितलं, पायातला दोरा बघितला. मग कोपरा बघितला.

"ही आजारी न्हाई, बाई. हिला अंडी घालाया भुई पायजे. ती उकरती आन तुमी लिपताय."

मी आणि हौ. एकमेकींकडं बघत उभ्या.

मग म्हातारी मला म्हणाली, "आन पाय बी बांधलाय व्हय?" आवाज अगदी साधा. त्यात बोल नव्हता, म्हणून जास्त लागलं. काल माझ्यासमोर तिनं सुनेला मोकळी सोडली. रात्र गेली, सकाळ झाली, आणि तरी मला माझ्याच घरातला दोरा दिसला नाही.

नाळेच्या कात्रीनं दोरा कापला. बायाक्का म्हणाली, लय उशीर केला न्हाई, अजून अंगात रग हाय. हौ.नं आपणहून खुरपं आणलं. स्वतःचं नवंकोरं सारवण रांजणापाशी वीतभर खोल खणून काढलं. माती आत ओली, मऊ होती. नदीची चाळलेली वाळू त्यात मिसळली.

२२ ऑक्टो.

सकाळी नऊला उतरली. भिंतीकडेनं गेली नाही, सरळ कोपऱ्यात. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी लोटायची. थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा. दुपारपर्यंत डोकं आत गेलं. आम्ही दोघी उंबऱ्यावर. दवाखान्यात कुणीतरी हाक मारली तर हौ.नंच ओरडून सांगितलं, बाई बाळंतपणात हायत.

संध्याकाळी खड्ड्यात उलटी बसलेली. तोंड तेवढं बाहेर.

२३ ऑक्टो.

सुटली!

पहाटेपर्यंत खड्ड्यातच होती. सकाळी चहा घेऊन आले तर ती माती आत ढकलत होती. पोट रिकाम्या पिशवीसारखं. हाडं वर आलेली. एवढी दमलेली, तरी पायांनी माती थोपटून थोपटून बसवली, हौ.ला लाजवील अशी. जागा शोधून सापडणार नाही. किती अंडी ते ठाऊक नाही आणि उकरून बघणारही नाही.

उचलून फांदीवर ठेवली. पानावर पाणी पिळलं. प्यायली, प्यायली, थांबेचना.

२५ ऑक्टो.

काल लक्ष्मीपूजन. पण माझी दिवाळी आज. दिव्याभोवतीचं एक झुरळ फांदीवर सोडलं. एक डोळा त्याच्यावर, मग दुसराही त्याच्यावर. चट्! मी ओरडलेच. हौ. पळत आली. मग दुसरं सोडलं. मग नाकतोडा. हौ.नं कुठून तरी मुठीत धरून आणला, आणि मुठीतूनच दिला! बोटाला जीभ लागली तशी किंचाळली, पण हात मागं घेतला नाही. मग बराच वेळ बोट बघत बसली, दगावते की काय म्हणून.

किती दिवसांनी अंग हलकं झालंय. आज शेवंता आठवली, पण नुसती आठवली.

२ नोव्हें.

दाजींचं पत्र आलं! चार पानं. गावाला गेले होते. लिहितात, गाभण मादी अंडी घालण्याआधी अन्न सोडते, हे नैसर्गिक आहे, तिला ओलसर मोकळी माती उपलब्ध करून द्यावी. वाचून हौ.ला दाखवलं. ती म्हणाली, म्हातारीनं चार पानांचं एका वाक्यात सांगितलं हुतं.

शेवटच्या पानावर कामाचं आहे. पिल्लं यायला पाच-सात महिने लागू शकतात. माती पार सुकता कामा नये, चिखलही होता कामा नये. जागा हलवू नये.

२१ नोव्हें.

बदलीचा हुकूम. आटपाडी. पहिल्या तारखेला हजर. या खोलीत नवीन नर्स येईल.

सगळ्यात आधी कोपराच डोळ्यापुढं आला. नवीन बाई येईल, घर बघेल, पहिलं काम काय करील? सारवून घेईल. कुणीही घेईल. मीच घेतलं नव्हतं का? चिठ्ठी लिहून ठेवावी तर वाचून हसेल, किंवा घोयऱ्याची अंडी म्हटल्यावर चुलीतला निखाराच आणून टाकील.

उकरून बरोबर न्यावीत का? दाजी लिहितात हलवू नये. रात्रभर नाही, पण दिवसभर हेच डोक्यात.

२६ नोव्हें.

हौ.ला सगळं बोलून दाखवलं. ऐकून घेतलं. धुणं वाळत घालायला गेली.

३० नोव्हें.

सामान बांधलं. मं. वेताच्या करंडीत, आत बोरीची डहाळी. रंग छान हिरवा, पोट पुन्हा गोलसर, झुरळांच्या कृपेनं.

शेवटचं बघायला पडवीत गेले तर कोपऱ्यात भिंतीला टेकून नदीतला एक गोटा उभा. त्याला शेंदूर. पुढं हळद-कुंकू, दोन झेंडूची फुलं, भोवती रांगोळीचा चौकोन. अंडी बरोबर चौकोनाच्या आत.

मी म्हटलं, "हौसाबाई, हे काय?"

"देव हाय. आजपासनं हितं कुणी शेणाचा हात लावायचा न्हाई. नव्या बाईला सांगते, लय जुनं ठाणं हाय, आन लय कडक हाय. मी रोज पाणी घालीन."

थुंकला की माणूस मरतो म्हणणारी ही. गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही. पण मग लगेच दाजींचं पत्र आठवलं. म्हटलं, तांब्यानं नको घालूस, चिखल होईल, पळीनं घाल. एकच पळी. ती म्हणाली, देवाला किती पाजायचं ते आता मी बघीन.

पिल्लं आली तर कळवणार कसं? हौ.ला लिहिता येत नाही, आणि असलं पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं नाही. तेही तिनं ठरवून ठेवलंय. ज्येष्ठात बायाक्काची मेंढरं आटपाडीकडं परततात. म्हातारीच्या हाती सांगावा धाडीन म्हणाली.

म्हणजे तोवर मला काही कळायचं नाही. उन्हाळा इथला कडक. गाडी फाट्याला वळेपर्यंत मागं बघत होते. हौ. दारातच उभी होती, हातात पळी घेऊन.