काळदरीच्या वरचा झरा

रेशमी पोरी,

सकाळी दळायला बसशील तेव्हा दिसावी म्हणून चिठ्ठी जात्यावर ठेवली. नागली कापून झाली, सांबरं खाली उतरू लागली, म्हणून धनुष्य घेऊन निघालो. रागावू नको, पाय आता बरा शे.

शिकारीला निघालेल्याने ठिकाण तोंडाने सांगायचं नाही आणि घरच्यांनी विचारायचं नाही, ही आपली रीत. त्या रीतीपायी मागल्या साली मी पाय मोडून दोन दिवस दरीत पडलो आणि तुम्ही बठ्ठे भलत्याच डोंगरावर हाका मारत फिरलात. पुढे चार महिने खाटेवर होतो. तेव्हा तू पाटावर चुलीची राख पसरून मला अक्षरं गिरवायला लावलीस. म्हाताऱ्याला आता हे कशाला, म्हणून मी चिडायचो. तू ऐकलं नाहीस. लई चांगलं केलंस, पोरी.

काळदरीच्या वर मोहाची दोन झाडं आहेत, तिथल्या झऱ्यापाशी मी बसणार. उद्या दिवस मावळेपर्यंत आलो नाही तर माझ्या लेकाला, गोविंदाला, सरळ तिकडे पाठव. कुत्रं बांधून ठेवलंय, ते दुपारनंतर सोड, नाहीतर माझ्या मागे येऊन शिकार पळवून लावेल.

तोंडाने मी काही बोललो नाही, तेव्हा रीतही मोडली नाही.

तुझी सासू तीस वर्षं दारात बसून चारी डोंगरांकडे बघायची. तू एकाच डोंगराकडे बघ.

आबा