शेवाळाची भुकटी

आई, तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते.

आता मला आहारतज्ज्ञ म्हणून बोलावतात. परवा घाटंजीला बचत गटाच्या बायकांपुढे मेंदूसाठी चांगल्या आहारावर बोलले. जवस, अक्रोड सांगून झाल्यावर समुद्रातल्या खायच्या शेवाळाची भुकटी दाखवली. त्यातले काही घटक मेंदूच्या पेशी जपतात असं प्रयोगशाळेत दिसतंय, हे खरं आहे. माणसांत अजून पक्कं काही हाती नाही, हेही खरं. पण बायका इतक्या मन लावून ऐकत होत्या की तेवढं मी गाळलं. शेवटी एक जण जवळ आली. "मॅडम, माही सासू मले ओळखत नाही. हे चारलं तर ओळखंल का?" "देऊन तर पाहा," म्हणत मी पाकीट तिच्या हातात ठेवलं.

यवतमाळला परतताना बसमध्ये शेवटच्या वर्षांतली तू आठवत राहिलीस. वणीच्या स्वयंपाकघरात तू माझ्यावरच डाफरतेयस, "कोनाची पोरगी व्हय तू? उन्हात काहून फिरून राह्यली? तुही माय वाट पाहत असंल." आणि मी तुला गदागदा हलवून ओरडतेय, "अगं, मी तुझीच!" तू घाबरून पदर तोंडाशी धरतेस. मग एकदम लक्षात आलं, शेवाळात आयोडीन भरपूर असतं, थायरॉइड असलेल्यांना ते बाधू शकतं, आणि त्या सासूला थायरॉइड आहे का, हेही मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा घाटंजीला तिचं घर शोधत गेले. वरणात भुकटी कालवून ती सासूला भरवत होती. म्हातारी तोंड फिरवून म्हणत होती, "शेवाय हाय हे, विहिरीतलं!" विचारलं तर थायरॉइडची गोळी रोजची. मी वाटी बाजूला ठेवायला लावली. म्हटलं, "यानं ओळख परत येईल असं कुणीच सांगू शकत नाही. मी तुम्हाला अर्धवटच सांगितलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "रातभर झोप नाही लागली मले, आनंदानं," ती म्हणाली. "मंग आता काय करू?" मी उरलेलं पाकीट उचलून पिशवीत टाकलं. निघताना तिनंच माझे हात धरले. "तुमी एवढ्या दुरून सांगाले आल्या. कोन येते?"

घरीही सगळ्यांना वाटतं, मी त्या म्हातारीच्या काळजीनं धावले. तुला म्हणून सांगते, तिला काही झालं असतं तर माझं नाव निघालं असतं, त्या भीतीनं गेले होते.