हळू चालणारा पुढे

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय अजून उशिरा उचलला जातो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण आपली आई म्हणजे पायाला भिंगरी! काखेत हात घालून त्यांना ओढतच नेते. काल जिन्यात दोघंही कोलमडली. आप्पा चिडून म्हणाले, मला खाटेवरच मरू दे. तू तिकडे एवढी मोठमोठी मशिनं चालवतोस ना, आता ही दोघं चालवून दाखव!

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसशील, पण इथंही तेच रडगाणं. नव्या मशिनवर एक आडवी तुळई आहे, तिच्या दोन टोकांना दोन मोटारी. एक जरा मागे पडली की तुळई तिरकी होऊन अडकते. सगळे म्हणत होते, मागचीला पळवा. मी उलटं केलं. हळू चालणारीलाच पुढारी केलं आणि दुसरीला बजावलं, ती सरकेल तेवढंच तू सरकायचं. तुळई सुतासारखी सरळ चालली. आईला सांग, आधी आप्पांचा डावा पाय, मगच तुझा.

दोघांच्या पायांवर डोकं.
तुझा धाकटा

दि. २० एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती लागू पडली होती. आप्पा रोज आईबरोबर कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन यायचे. जन्मात इतकी हळू चालले नाही बाई, म्हणून ती कुरकुरायची आणि आप्पा मिशीत हसायचे.

आप्पा गेले, तूही येऊन गेलास. आईच्या डोळ्यांत अजून टिपूस नाही. पण जिना चढताना ती पायरीवर थांबते, हात तसाच कोपरात वाकवलेला, नजर डावीकडे. हाक मारली तर म्हणते, थांब गं, येतायत. माझा जीव तुटतो रे. तूच शिकवलंस, आता तूच सोडव.

वाट बघते.
तुझी ताई

दि. २७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मशिनपाशी उभ्यानंच वाचलं. पुढारी मोटार बंद पडली की मागची बिघडत नाही, धोक्याचा दिवाही लागत नाही. ती नुसती उभी राहते. मशिनवर मी त्या दोघींची जोडी तोडून टाकतो, एका बटणाचं काम. आईच्या बाबतीत माझा हात धजत नाही. रजा घेतलीय, शनिवारी पोचतो. तोवर तिला घाई करू नकोस.

तुझा धाकटा

दि. १९ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

रजेत इथे होतास तेव्हा तू जिना आईच्या डावीकडून चढायचास, आधी आप्पांसारखा रखडत, मग रोज जरासा भरभर, ते माझ्या लक्षात आलं होतं. काल ती एकटी जिना चढली, अगदी पूर्वीसारखी झपझप. मला कोण आनंद झाला! दारात पोचली, मागे वळली, रिकामा जिना बघितला आणि म्हणाली, अगं बाई, ह्यांना खालीच सोडून आले गं.

मग उंबऱ्यावर मटकन बसली आणि पहिल्यांदा रडली. मी शेजारी बसले. ऊठ म्हटलं नाही.

आमच्यावर जीव असू दे.
तुझी ताई