येलदरीच्या पाण्यातून मला कोणी काढले, याबाबत

मी, नर्मदाबाई माणिकराव वाघमारे, वय त्र्याहत्तर, निवृत्त परिचारिका, धर्म ख्रिस्ती, राहणार जिंतूर रस्ता, परभणी, माझ्या मागे काय व्हावे ते आज जिवंतपणी लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कोर्टासाठी कमी आणि माझ्या मुलासाठी जास्त आहे, कारण आईचे बोलणे अडचणीचे झाले की आईला धक्का बसलाय असे लोकांना सांगायची त्याला सवय आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा या घरात एकच, आणि तो आज उपास-प्रार्थनेसाठी नांदेडला गेला आहे. याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. माझे पती माणिकराव वारले. मला एकच मुलगा. आम्ही त्याचे नाव शमुवेल ठेवले होते. तो आता बोर्डावर 'प्रेषित सॅम्युअल' असे लिहितो. प्रेषित बारा होते असे आम्हाला शिकवले होते. तेरावा जिंतूर रस्त्याला राहतो, हे मला तो बोर्ड लागल्यावर कळले. आमची जुनी मंडळी, म्हणजे चर्च, सोडून त्याने स्वतःची 'सुटका प्रार्थना मंडळी' काढली. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा नाही, माणूस पाण्यात पूर्ण बुडाला पाहिजे, हे त्याचे मुख्य शिक्षण. पुढचे सगळे त्यातूनच झाले, म्हणून ते आधी लिहिते.

कलम दोन. हे मालमत्तेचे कलम नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला समजणार नाही. पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये सॅम्युअल काही लोकांना बाप्तिस्म्यासाठी येलदरी धरणावर घेऊन गेला. मी टॉवेल आणि कोरडे कपडे सांभाळायला गेले होते. अलीकडच्या काठाला गाळ होता. गाळातला बाप्तिस्मा मोबाईलवर चांगला दिसत नाही, म्हणून प्रेषितांना पलीकडचा स्वच्छ काठ हवा होता. तिथे मुंजाजी नावाचा भोई जाळी लावत होता. त्याच्याकडे पत्र्याची एक छोटी नाव होती, तिला तिकडे चप्पू म्हणतात, आणि मागे दोरीने बांधलेला थर्माकोलचा तराफा. तो म्हणाला, "साहेब, वारं सुटलंय. चौघं चौघं बसा. मी फेऱ्या मारतो की."

आम्ही नऊ जण होतो. सॅम्युअलला उशीर होत होता. त्याने तिथेच बायबलमधले एक्याण्णवावे स्तोत्र उघडून मोठ्याने वाचले, देव आपल्या दूतांना पाठवतो आणि ते माणसाला हातांवर झेलतात ते. मग म्हणाला, "भाऊ, आमच्यासंगं देव हाय."

मुंजाजी म्हणाला, "देव बसू द्या, त्याचं वजन न्हाई. तुमचं हाय."

लोक हसले आणि सगळे बसले. वल्हे मारता येणारा तो एकटाच, म्हणून तोही बसला. आम्हाला तसेच सोडून तो काठावर राहू शकला असता. मध्यावर वाऱ्याने चप्पू कलंडले. मुंजाजीने एकेकाला ओढून त्या थर्माकोलवर टाकले. सर्वांत आधी त्यावर चढलेला माणूस प्रेषित होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. सर्वांत शेवटी मी. मुंजाजीने माझे दोन्ही हात तराफ्याच्या दोरीत अडकवले आणि म्हणाला, "मावशी, सोडू नका." मग तो दिसेनासा झाला. त्याचा पाय त्याच्याच जाळ्यात अडकला होता. नऊच्या नऊ जण वाचले.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी आमच्या चिरंजिवांकडे 'सुटकेची उपासना' होते. मंडप, कीबोर्ड, जेवण. आमच्यात देवाने आपल्यासाठी काय केले याची साक्ष उभे राहून सांगायची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे, सांगणारा खोटारडा नसला तर. सॅम्युअलच्या साक्षीत पहिल्या वर्षी 'एक अनोळखी माणूस' आला होता. दुसऱ्या वर्षी तो माणूस पाण्यावरून चालत आला. आता तो शुभ्र वस्त्रातला देवदूत झाला आहे. मी नोंदवून ठेवते की मुंजाजी निळ्या हाफ पँटवर आणि फाटक्या बनियनवर होता. बनियन कधीकाळी शुभ्र असेलही.

पहिल्याच उपासनेत मी उठून उभी राहिले आणि त्याचे नाव घेतले. सॅम्युअलने कीबोर्डवाल्याला खूण केली आणि माझा आवाज हालेलुयात बुडवला. घरी आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाला, "आई, लोकांचा विश्वास डळमळंल. अन् त्यो आपल्यातला न्हवता."

आपल्यातला नव्हता! देवदूत कोणत्या मंडळीचा सभासद असतो, ते याने एकदा मला दाखवावे.

कलम तीन. जिंतूर रस्त्यावरचे राहते घर, अंगण, पाण्याची टाकी आणि सीताफळाच्या झाडासह. हे मी माझ्या पगारातून बांधले, त्यात वडिलोपार्जित काही नाही आणि मुलाचा एक पैसाही नाही. ते मी बबिता मुंजाजी लिंबोरे, राहणार येलदरी, तालुका जिंतूर, या मुंजाजीच्या पत्नीला देते. तिने येथे राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. त्यासाठी तिने देव बदलायचा नाही, कोणाच्या उपासनेला बसायचे नाही आणि मुळीच आभार मानायचे नाहीत. मुंजाजी गेल्यावर सॅम्युअल तिच्या दारी एकदाच गेला होता. तांदळाची पिशवी आणि येशूकडून तारण मिळते असे सांगणारे पत्रक देऊन आला. पिशवीवर मंडळीचे नाव छापले होते, पत्रकावर प्रेषितांचा फोटो. तिच्या नवऱ्याचे नाव दोन्हीवर नव्हते. बबिताने तांदूळ ठेवून घेतले आणि पत्रक त्याच्यादेखत मासे बांधायला वापरले. तिच्याबद्दलचे माझे मत त्याच दिवशी पक्के झाले.

कलम चार. पोखर्णी रस्त्यावरचा प्लॉट. यावर सॅम्युअलने मला न विचारता 'नियोजित सुटका भवन' अशी पाटी ठोकली आहे. हा प्लॉट त्याला मिळेल, पण एका अटीवर. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्याच सुटकेच्या उपासनेत त्याने उभे राहून, कीबोर्ड बंद ठेवून, तीन गोष्टी सांगायच्या: आम्हाला मुंजाजी भोयाने वाचवले; त्याने आम्हाला आधीच अडवले होते; मी ऐकले नाही. त्याने हे सांगितले की नाही, हे माझी सून राजेश्री ठरवेल. तीही त्या चप्पूत होती. पाच वर्षे ती एक शब्द बोललेली नाही, पण दर वर्षी नेमके त्या दिवशी तिचे डोके दुखते आणि ती उपासनेला जात नाही. त्या डोकेदुखीवर माझा प्रेषितापेक्षा जास्त विश्वास आहे. त्याने सांगितले नाही, तर प्लॉटही बबिताचा. पाटी उतरवायचा खर्च सॅम्युअलने करावा.

कलम पाच. माझे बायबल मुलाला, विनाअट. त्याला मी फुकट देते अशी ही एकच वस्तू, आणि त्याला ती नकोशी होणार आहे. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मी खूण घातली आहे. देवदूताने येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगातून कसे बाहेर काढले, बेड्या कशा गळून पडल्या, हे सॅम्युअल रंगवून सांगतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दुसरा शिष्य याकोब तलवारीने मारला गेला, ते तो वाचत नाही. पेत्र सुटल्याबद्दल पहारेकऱ्यांचा जीव गेला, तेही वाचत नाही. दुसरी खूण दिमिष्क, म्हणजे दमास्कस शहराच्या गोष्टीला आहे. पौलाला मारायला टपले होते, तेव्हा लोकांनी त्याला पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. लिहिणाऱ्याने सरळ लिहिले की माणसांनी सोडले. पाटी आकाशातून आली असे लिहायला त्याला कोण अडवणार होते? पण तो प्रामाणिक होता, आणि त्याला भवन बांधायचे नव्हते.

तिसरी खूण परीक्षेच्या प्रसंगाला. मंदिराच्या टोकावर उभे करून येशूला खाली उडी टाकायला सांगताना सैतानाने जे स्तोत्र म्हणून दाखवले ते हेच, एक्याण्णवावे. येशूने उडी टाकली नाही. माझ्या मुलाने टाकली, आणि आठ जणांना सोबत घेऊन.

देव वाचवतो, यावर माझा विश्वास आहे आणि तो कोणी माझ्या नावावरून पुसू नये. रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या बाईला त्याशिवाय झोप येत नाही. त्याने मला त्या दिवशी वाचवले, मुंजाजीच्या हातांनी वाचवले. ते हात खोडून त्यांच्या जागी पंख काढणाऱ्याची मला किळस येते, मग तो माझ्या पोटचा का असेना.

कलम सहा. सोन्याच्या पाटल्या राजेश्रीला. बँकेतली ठेव नात अर्पिता हिच्या शिक्षणासाठी. ती बापाच्या सहीने मोडता येऊ नये अशी व्यवस्था बँकेत केली आहे. बी.पी. तपासायचे यंत्र आणि कात्र्यांचा डबा गल्लीतल्या आशाताईंना. माझ्या पुढच्या खोलीत न विचारता आणून ठेवलेले स्पीकर, माईक आणि कापडी बॅनर ज्याचे त्याने आठ दिवसांत न्यावेत. बॅनरवर माझाही फोटो आहे, 'मृत्यूच्या दाढेतून परतलेली आई' म्हणून. तो तेवढा कापून चुलीत घालावा.

कलम सात. माझे दफन जुन्या मंडळीच्या कबरस्तानात, माणिकरावांच्या शेजारी करावे. प्रार्थना जुन्या मंडळीचे पाळक करतील. सॅम्युअलने खांदा द्यावा, तो त्याचा हक्क आहे. भाषण करू नये. एक्याण्णवावे स्तोत्र वाचू नये. कबरीच्या दगडावर वचन लिहायची आपल्यात पद्धत आहे. माझ्या दगडावर वचन नको. नाव, साल आणि खाली एकच ओळ: 'हिला येलदरीच्या पाण्यातून मुंजाजीने काढले.' ईस्टरच्या पहाटे गावातल्या सगळ्या मंडळ्या तिथे उपासनेला जमतात, आणि माईक कोणाच्या हातात असतो ते सर्वांना माहीत आहे. त्याला उभे राहायला जागा माझ्या पायथ्याशी, त्या ओळीसमोरच मिळेल.

या सगळ्याची अंमलबजावणी शेजारचे किराणा दुकानदार श्री. रेवणसिद्ध करतील. ते शंकराचे भक्त आहेत आणि आमच्या भांडणात त्यांना कोणतीच बाजू घ्यायची नाही, म्हणून निवडले.

सहीपूर्वीची दुरुस्ती. साक्षीदार म्हणून मी मुंजाजीच्या आई धुरपताबाई यांना येलदरीहून बोलावले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रेवणसिद्धांनी सगळा कागद सावकाश वाचून दाखवला. घराचे कलम आले, त्या काही बोलल्या नाहीत. प्लॉटचे आले, तरी नाही. मला वाटले त्यांना नीट ऐकू येत नाही. दगडाचे कलम संपल्यावर त्यांनी रेवणसिद्धांच्या हातावर हात ठेवला.

"पुन्यांदा वाचा," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचले.

"नुसतं मुंजाजी नगा लिवू, बाई," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडं मुंजाजी लय हायेत. बापाचं नाव टाका, आडनाव टाका. माझाच हाय ते कळू द्या."

त्याप्रमाणे कलम सातमधील ओळ पुढीलप्रमाणे वाचावी: 'हिला येलदरीच्या पाण्यातून मुंजाजी बन्सीधर लिंबोरे याने काढले.' अक्षरे माझ्या नावापेक्षा मोठी कोरावीत.

ठिकाण: परभणी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: नर्मदाबाई माणिकराव वाघमारे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. रेवणसिद्ध, किराणा व्यापारी, परभणी (सही)

२. धुरपताबाई बन्सीधर लिंबोरे, येलदरी, मुंजाजीची आई (डाव्या हाताचा अंगठा)