सुमी तरंगली

गुरुवार, मे १९६८. बोईसर.

यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू तरी काय?

आज संध्याकाळी सुमी पहिल्यांदा पाण्यावर उताणी तरंगली. कॉलनीचा पोहण्याचा तलाव नवाच, आणि आम्ही साताऱ्याकडची माणसं. मला स्वतःला पोहता येत नाही. मग हिला शिकवलं कोणी? विचारलं, तर म्हणाली, "आई, ती मावशी खालून हात धरते ना!" कुठली मावशी? तलावात सुमीशिवाय कोणीच नव्हतं.

मुरब्याहून मासळी विकायला येणारी हिराबाई कुंपणापाशी थबकली होती. "बाय, हितं आदी पाड्याची विहीर होती," ती म्हणाली. "एक बाय पडली त्यात, ती गावलीच नाय. मग बुजवली. पोरीला भायेर काड."

मी हसले. पण पातळासकट पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात शिरले. सुमी डोळे मिटून निवांत पडली होती. हात धरते म्हणे! मी तिच्या पाठीखाली माझा हात घातला.

तिथे आधीच एक हात होता. गार, पण घट्ट. तो हळूच बाजूला सरकला आणि त्यानं माझ्या हाताला जागा करून दिली.