दुखणं गप्प झालं त्या सकाळी

अगं, ऐकतेस ना,

काळजीचं काही नाही, हे आधीच लिहून टाकतो. दुसरा डोस सलाईनमधून दिला. औषध रक्तातून जाऊन हाडांतल्या कॅन्सरच्या गाठी शोधतं आणि तिथेच किरण सोडतं, असं डॉक्टर म्हणाले. थोडे किरण अंगाबाहेरही येतात, म्हणून दोन दिवस खोलीत एकटाच आहे. जेवण वेळेवर येतं. नर्सबाई शिशाच्या पडद्याआडून विचारतात, "काका, बरं आहे ना?" त्यांचा चेहरा अजून पाहिलेला नाही.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना?

एक सांगतो, पण लेकीला सांगू नकोस. वर्षभर मला रोज त्या दुखण्यानेच उठवलं. आज ते आलंच नाही. कंबर गप्प, बरगड्या गप्प. डोळे उघडले, तर अंग आहे की नाही तेच कळेना. वाटलं, गेलो की काय. उठून दारापाशी गेलो. तिथे किरण मोजायचं यंत्र टांगलंय. मी जवळ जाताच ते टकटक करू लागलं, मागे सरलो तर थांबलं. तीनदा पुढे-मागे केलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. हसू नकोस.

पत्रामागोमाग मीही येतोच. आठवडाभर तू दुसऱ्या खोलीत झोप, नातीला माझ्या मांडीवर देऊ नकोस. फक्त सकाळी उठलीस की लांबूनच मला हाक मार. मी ओ दिली, तरी पुन्हा एकदा मार.

तुझाच,
कुरकुऱ्या