उजवीकडून मांडलेलं गणित

१२ नोव्हेंबर १९५१, सोमवार

शून्य! पन्नासपैकी शून्य! आणि वर लाल शाईत – ‘नक्कल’.

बद्रीनाथ सरांनी भर वर्गात माझा सहामाहीचा पेपर वर धरला. “रीत सगळी चूक, उत्तरं सगळी बरोबर. हा चमत्कार कसा झाला, रईसाबाई?” मग आशाचा पेपर काढला. वर्गात मुलींचा बाक एकच, त्यावर आम्ही दोघीच. तिची उत्तरं तीच, रीत मात्र बरोबर. म्हणजे मी तिचं बघून लिहिलं! तिनं बघू दिलं म्हणून तिचे पाच मार्क कापले. मी शुक्रवारपर्यंत माफीनामा द्यायचा, नाहीतर कॉलेजातून नाव कमी.

देणार नाही. काय करायचं ते करा.

१३ नोव्हेंबर

छावणीतल्या दुकानात जाऊन अब्बांना सांगितलं. फौजी कोटाला काजं करत होते. सुई थांबली नाही.

“नक्कल मारी क्या तू?”

“नै.”

“फिर माफी कायकी?”

झालं! आमच्या घरचा खटला एवढाच. अम्मी मात्र दिवसभर मागं लागलीय – दो लकीरां लिख के दे दे, बात खतम. दोन ओळींनी काय जातं म्हणे. माझं सगळंच जातं!

१४ नोव्हेंबर

सापडलं!!

मॅट्रिकपर्यंत माझं सगळं गणित उर्दूतून. शाळेतल्या आमच्या बाई, उस्तानी, मांडणीसुद्धा उजवीकडून करवून घ्यायच्या. आता कॉलेजात सगळं इंग्रजीतून. उत्तर मी आठवणीनं फिरवून लिहिते, पण रीत हाताला येते तशी, उजवीकडूनच. त्यामुळं माझं ‘३ वजा २i’ डावीकडून वाचणाऱ्याला दिसतं ‘२i वजा ३’. ओळीओळीला चिन्ह उलटं! उर्दूचं एक अक्षर असतं तरी सरांना शंका आली असती. पण नुसते आकडे आणि काल्पनिक संख्येचा i. सर पुण्याचे, जूनमध्ये आलेले. उजवीकडून चालणारं गणित त्यांनी जन्मात पाहिलं नसणार.

१५ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. म्हणाले, “संख्या काल्पनिक आहेत, म्हणून सबबीही काल्पनिक नकोत.” वर्ग खो खो हसला. माझं डोकं फिरलं. उभी राहिले आणि म्हणाले, “मग उद्या नवीन गणित घाला. फळ्यावर. प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर!”

बाहेर आशानं हात धरला. “रईसा, दे की गं माफी लिहून. दोन वळींचं तर काम हाय. मला लई भ्या वाटतंय.” मी हात सोडवून घेतला.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्वतः गणित घातलं – (१ + i)z = ५ + i, z काढा.

खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या टोकाला गेले. मुद्दाम! दोन्ही बाजूंना ‘१ वजा i’ नं गुणलं. z च्या बाजूला नुसता २ उरला, दुसरीकडे ‘६ वजा ४i’. निम्मं केलं – ‘३ वजा २i’.

“चूक!” सर ओरडले. “बघा, इथंच चिन्ह उलटलं!”

प्रिन्सिपॉलसाहेब हैदराबादचे, उर्दूत शिकलेले. हसू दाबत म्हणाले, “जनाब, उधर से पढ़िए.”

सर उजवीकडे गेले. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग वर्गाकडे वळून म्हणाले, “वाचण्यात चूक माझी झाली. हिची नाही.” शून्याचे पंचेचाळीस झाले.

अब्बांनी अर्धा कोट तसाच टाकला आणि इमरती आणायला गेले.

१७ नोव्हेंबर

सरांनी आज आशाला उभं केलं. “रईसाचं तिचं स्वतःचं आहे. मग तीच उत्तरं तुझ्याकडे कुठून आली?” कालचंच गणित तिला फळ्यावर घातलं. तिला पहिली ओळसुद्धा जमली नाही. माफीनामासुद्धा मागितला नाही, सरळ नाव कमी. सोमवारी तिचा भाऊ सांडू लासूर स्टेशनहून न्यायला येतोय.

मी माझ्या पंचेचाळीस मार्कांवर हात ठेवून बसले होते. ती एक शब्द बोलली नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

परीक्षेत पेपर मीच तिच्याकडे सरकवला होता; माझी उजवीकडून लिहायची सवय तिला ठाऊक, ओळी तिनं सरळ करून उतरवल्या. दोन वर्षांपूर्वी जिनं हात धरून मला ही मराठी अक्षरं गिरवायला लावली, तिला नाही म्हणता आलं नाही. इतके दिवस हे इथंसुद्धा लिहिलं नाही. उद्या गाडीच्या आधी प्रिन्सिपॉलसाहेबांना गाठते – नाव कमी करायचं तर दोघींचं करा! आणि माफी मागेन, फक्त आशाची.